गाताना शब्द येतात, बोलताना अडतात: आप्पांच्या पक्षाघातानंतरचा प्रश्न

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. इथं डॉक्टर, थेरपिस्ट, गाणारे-वाजवणारे सगळेच असतात म्हणून इथंच विचारते. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे आप्पा सत्तरीच्या पुढचे. खानापुरात किराणा दुकान, आता भाऊ बघतो. दिवाळीच्या तोंडावर पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात-पाय गेला होता. पाय बराच सुधारला, काठी घेऊन न्हाणीपर्यंत जातात. हात अजून लुळाच आहे. आणि बोलणं गेलं ते गेलंच.

आवाज आहे हो. शब्द मात्र एकच उरलाय: "असू दे." चहा घेणार? असू दे. कोण आलंय? असू दे. नातवानं रिमोट पाडला की डोळे वटारून "असू देऽऽ!" आणि आई जेवायला वाढताना अगदी मऊ, "असू दे, असू दे." राग, लाड, चौकशी, सगळा सूर बरोबर, शब्द तेवढा तोच. समजतं त्यांना बहुतेक सगळं. पेपर उलटा दिला तर सुलटा करून घेतात, भावानं हिशेबात गडबड केली की मान हलवतात.

आता खरी गोष्ट. एकादशीला त्यांच्या भजनी मंडळातले काही जण टाळ-मृदंग घेऊन घरीच आले. पहिल्या अभंगाला आप्पा नुसते बघत बसले. दुसरा सुरू झाला आणि ध्रुपदाला ते मिसळले. शब्दांसकट! जोडाक्षरं स्पष्ट, चरणच्या चरण. आई उठून आत गेली, तिला बघवेना. भजन आटोपल्यावर मी लगेच विचारलं, "आप्पा, चहा टाकू?" म्हणाले, "असू दे."

दुसरं असं की परवा माझा मुलगा ताटलीत बिस्किटं मांडत होता. आप्पा डाव्या हाताचं बोट लावत मोजायला लागले: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... थेट हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत. कन्नडमध्ये! घरात आम्ही मराठीच. आप्पा पोरवयात बैलहोंगलला एका अडत दुकानात कामाला होते, मापं मोजायला तिथं शिकले. आमचे काका सीमाप्रश्नाच्या एकूण एक मोर्चाला गेलेले. ते तोंड पाडून बसले. "जन्मभर मराठी मराठी केलं, आणि वाचा फुटली ती कन्नडमध्ये?" हसावं की रडावं कळेना.

तर, गाताना येतं ते बोलताना का येत नाही? आत्या म्हणते दिवसभर अभंग म्हणायला लावा, बोलणं आपसूक येईल. हे खरं आहे काय? आणि शेजारच्या एकांनी सांगितलं की दोन भाषा कानावर पडल्या तर गोंधळ उडेल, एकच ठेवा. दवाखान्यातून मिळालेला व्यायामाचा कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे, तो तसाच पडून आहे. काय करावं?

---

नंदगडची

मी वाचा-उपचार करते. गाव नंदगड, शिक्षण म्हैसूरला, काम बेळगावात. दिवसभर एक वाक्य मराठी, पुढचं कन्नड असं चालतं. आप्पांना बघितल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते चित्र ओळखीचं आहे. अशा वाचाघातात समज बरीचशी शाबूत राहते आणि वाक्य जुळवून तोंडावाटे बाहेर काढायची यंत्रणा मोडते.

तुमच्या आप्पांसारखाच एक माणूस मेंदूच्या इतिहासात कायमचा जाऊन बसलाय. पॅरिसमधला लबोर्न नावाचा रुग्ण. वर्षानुवर्षं तो फक्त "तां तां" म्हणायचा, पण वेगवेगळ्या सुरात, हातवारे करून. फारच चिडला तर एक शिवी मात्र धडधडीत यायची. १८६१ मध्ये तो वारला आणि पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. इजा होती डाव्या अर्ध्या मेंदूच्या पुढच्या भागात. त्या जागेला आज ब्रोका क्षेत्र म्हणतात. पुढं १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण दाखवले, धडाधड बोलणारे पण अर्थ न लागणारे, इजा कानाच्या बाजूला मागं. आप्पा त्यातले वाटत नाहीत. उजवा हात आणि बोलणं एकदम का गेलं तेही यातच आलं. शरीराची उजवी बाजू डावा मेंदू हलवतो, आणि उजव्या हातानं कामं करणाऱ्या बहुतेकांची भाषाही त्याच बाजूला असते. रक्त पुरवणारी नळी एकच, ती तुंबली की दोन्ही जातं.

शिवी, आकडे, वार, पाठ असलेली प्रार्थना यांचं खातं निराळं. हे वाक्य म्हणून जुळवावं लागत नाही. "मला जरा कोमट पाणी पाहिजे" हे आप्पांना त्या क्षणी नवं बनवायचं असतं: शब्द शोधा, ओळीत लावा, जीभ-ओठांना हुकूम द्या. अभंग त्यांनी पन्नास वर्षं एकाच चालीत म्हटलाय, तो स्वेटरच्या दोऱ्यासारखा आहे, कुणी एक टोक ओढलं की पुढचं उसवत येतं. ह्यात मेंदूच्या आतल्या गाभ्यातल्या, सवयीची कामं सांभाळणाऱ्या गाठी आणि उजवा अर्धा मेंदू यांचा हात मोठा. "असू दे" प्रत्येक वेळी बरोबर सुरात येतं, त्यातही उजव्या बाजूचा वाटा आहे.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला फार आवडली. आप्पा पहिल्या अभंगाला गप्प होते, दुसऱ्याला ध्रुपदावर मिसळले. म्हणजे सुरुवात दुसऱ्यांनी करून दिली. ओलोफ दालिन नावाच्या स्वीडिश गृहस्थानं १७४५ मध्ये हेच लिहून ठेवलंय. उजवी बाजू लुळी, बोलणं जवळजवळ बंद, पण आधी पाठ असलेली भजनं तो माणूस निरोगी माणसासारखी म्हणायचा, फक्त कुणीतरी सुरू करून द्यावं लागायचं. ब्रोकाच्या शंभर वर्षं आधीची नोंद आहे ही.

आता आत्यांचा सल्ला. अभंग म्हणू द्या, जरूर म्हणू द्या. माणसाला आपला आवाज ऐकू येतो, चारजणांत बसता येतं, हे थोडं नाही. पण दिवसभर अभंग म्हणून "पाणी दे" येत नाही. मी असे आजोबा पाहिलेत की आरतीला खणखणीत, आणि वर्ष उलटलं तरी सुनेला हाक मारता येत नाही. घरच्यांनी आरतीवरच समाधान मानलेलं. मला त्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

गाणं वापरायचं ते असं. बोस्टनच्या मंडळींनी १९७३ मध्ये एक पद्धत मांडली, तिचा गाभा सांगते. आप्पांच्या समोर बसा, तोंड दिसेल असं. त्यांचा डावा हात हातात घ्या आणि प्रत्येक अक्षराला टेबलावर हळू एक थाप. वाक्य घ्या "पाणी दे की". पा, णी, दे, की. आधी नुसतं गुणगुणा, शब्द नकोत. मग दोघांनी मिळून शब्दांसकट, संथ, दोनच सुरांत, एक वरचा एक खालचा. मग अर्ध्यावर तुम्ही गप्प व्हा, त्यांना पुढं जाऊ दे. मग तुम्ही म्हणा, त्यांनी मागून म्हणावं. मग विचारा, "काय पाहिजे?" आणि उत्तर त्याच लयीत येऊ दे. हे पक्कं झालं की सूर हळूहळू काढून टाकायचा, साध्या बोलण्यावर यायचं. अडखळले तर मागच्या पायरीवर या. रागावायचं नाही, "परत सांगा" करत बसायचं नाही.

इंग्रजीत जोर पडतो ते अक्षर वरच्या सुरात घेतात. आपल्या मराठीत तसा जोर नसतो, म्हणून मी माणूस एरवी ज्या हेलात ते वाक्य म्हणायचा तोच हेल घेते. आपल्याकडचा तो शेवटचा "की" फार उपयोगी पडतो, आपोआप वर जातो. वाक्यंही त्यांचीच पाहिजेत. दुकानदार माणूस "मला जल द्यावे" म्हणत नसतो. आईंना विचारा ते घरात काय म्हणायचे. "चा टाक." "पंखा लाव." "दुकान उघडलं काय?" अशी पाच-सहा घ्या, जास्त नको. आणि त्यांना अभंगाची चाल मुळीच लावू नका, नाहीतर अर्ध्यावरून अभंगच सुरू होईल.

कन्नडबद्दल. काकांना सांगा, वाचा कन्नडमध्ये "फुटली" नाही. आकड्यांची ओळ बैलहोंगलला पाठ झाली म्हणून ती त्या भाषेत आली, इतकंच. दोन भाषा बोलणाऱ्याला वाचाघात झाला की कुठली आधी येते यावर दीडशे वर्षं चर्चा आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणाले सर्वांत जुनी आधी. पित्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९५ मध्ये सांगितलं, जी जास्त वापरात होती ती आधी. प्रत्यक्षात बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीनंच वर येतात. भाषांचे मेंदूत वेगळाले कप्पे नसतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या एका लकवाग्रस्त माणसाच्या मेंदूवर विद्युत पट्टी बसवून त्याचं बोलायचं मनातलं संगणकानं ओळखलं. उच्चाराची तयारी दोन्ही भाषांसाठी मोठ्या प्रमाणात एकाच जागेत चालते असं त्यात दिसलं.

म्हणून एक भाषा बंद करू नका. आप्पांशी ज्याला जी येते ती बोला. दुकानातला हमाल कन्नड बोलत असेल तर त्यालाही येऊन बसू दे. आणि ते आकडे वाया घालवू नका! किती गोळ्या घेतल्या विचारलं की त्यांना एकापासून मोजत हव्या त्या आकड्यावर थांबायला शिकवा: ओंदु, एरडु, मूरु, थांब. दोन बोटं दाखवून "एरडु" आलं की लगेच शेजारी "दोन" म्हणा. हैदराबादेत ६०८ पक्षाघाताच्या रुग्णांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापला. झटक्यानंतर ज्यांची बुद्धीची कामं नीट राहिली असे एकभाषकांत सुमारे २० टक्के, बहुभाषकांत सुमारे ४०. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोन्हींत सारखंच होतं, तेव्हा भाषा जास्त येते म्हणून बोलणं वाचतं असं नाही. पण जास्तीची भाषा अडचण आहे हे तर त्याहून नाही.

तो कागद मला न बघताच माहीत आहे. ठेवून द्या कपाटात, आणि आप्पांना जवळच्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्या, दोन्ही भाषांत तपासा म्हणून आधीच सांगा. पहिले तीन महिने सुधारणा वेगानं होते, पुढं वेग मंदावतो, थांबत नाही. जेवताना ठसका लागत असेल तर मात्र ते आधी दाखवा, बोलण्याच्याही आधी.

---

शहापूरकर

ताई, माहितीबद्दल आभार, पण एक शंका आहे. व्हॉट्सॲपवर "संगीतानं मेंदू जागा होतो" छापाचं रोज येतं. रागानं रक्तदाब उतरतो, गाईंना बासरी ऐकवली की दूध वाढतं. गाऊन बोलणं येतं ह्याला पुरावा कितपत? की तेही त्यातलंच?

---

नंदगडची

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर अर्धंमुर्धं आहे.

या पद्धतीच्या नीट चाचण्या फार थोड्या, आणि लहान. नेदरलँड्समध्ये झालेल्या कामात झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत फायदा दिसला, जुन्या रुग्णांत तो सराव केलेल्या वाक्यांपुरता राहिला आणि फार टिकला नाही. म्हणून मी पाच-सहा वाक्यं म्हटलं आणि तीही रोजच्या गरजेची. उद्या सराव केलेल्यापलीकडं काही आलं नाही तरी "पाणी दे" तर आलं.

दुसरं, कमाल गाण्याची आहे असं सगळे धरून चालतात. जर्मनीत बेंजामिन श्टाल आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांना तेच शब्द गाऊन, ठेक्यावर नुसते बोलून आणि ठेका मोडून म्हणायला लावले. २०११ मध्ये छापलं. सुरानं फारसं काही जास्त पदरात पडलं नाही, महत्त्वाचा निघाला ठेका. आणि त्यातही ज्यांच्या मेंदूच्या आतल्या गाठींना इजा होती त्यांना ठेक्याचा आधार जास्त लागला. शिवाय शब्द किती सवयीचे आहेत याचा फरक मोठा. म्हणजे आप्पांचा गळा चांगला आहे की नाही हा मुद्दाच नाही.

भक्कम पुरावा कशाला आहे सांगू? सरावाच्या तासांना. जर्मनीतच १५६ जणांची मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये छापली. झटक्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेले लोक. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. आपल्याकडं आठवड्याला अर्धा तास मिळाला तरी नशीब. म्हणून घरच्यांना शिकवावं लागतं, दुसरा इलाज नाही.

गाईंचं मला माहीत नाही, विचारू नका.

---

मृदंग_येळ्ळूर

रामकृष्ण हरी. मी येळ्ळूरच्या भजनात मृदंग वाजवतो, वयानं तुमच्या आप्पांच्या जवळपासचा. बाई, तुझं लिहिणं वाचून राहवलं नाही.

ठेक्याची गोष्ट ऐकून मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं बोल आधी तोंडानं म्हणायचा, मग हात. तोंडात बसला नाही तो हातात कधी बसत नाही. आमच्या मंडळात एकजण होता, बोलताना अडखळायचा. "त-त-त" करत घाम फुटायचा बिचाऱ्याला. खरं अभंग घेऊन उभा राहिला की एकदा म्हणून अडकायचा नाही. लोक म्हणायचे देवाची कृपा. असेल. खरं मी बघितलंय, एकटा गायला तरी अडत नसे, आणि चारजण बरोबर नुसतं बोलले तरीसुद्धा अडत नसे.

दुसरी सूचना. भजनी ठेका चालू झाला की आमची मंडळी पुढं पुढं पळतात, हे सगळ्या भजनी मंडळांचं दुखणं. आजारी माणसाला तो वेग झेपणार नाही. मंडळाला सांग, निम्म्या लयीत घ्या आणि झांजा घरीच ठेवा. एक टाळ पुरे.

आणि एक विचारायचं होतं ताईंना. उलटंही होतं काय? म्हणजे बोलणं शाबूत आणि सूर गेला? आमच्या गावात बेसुरे पुष्कळ आहेत म्हणून विचारतो.

आणखी एक कोडं. आपल्या सुळेभावीचे गायक कुमार गंधर्व घ्या, मूळचे शिवपुत्र कोमकळी, १९२४ चा जन्म. घरची भाषा कन्नड. अगदी पोरवयात मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच्या तसं गायचे. ते डोक्यात शिरतं कसं, नुसतं ऐकून? आम्हाला गुरुजी महिनाभर एकच तुकडा घोकायला लावायचे.

---

नंदगडची

काका, तुमच्या मंडळातल्या त्या गृहस्थांचं निरीक्षण एकदम पक्कं आहे. तोतरेपणा असणारे बहुतेक लोक गाताना आणि इतरांबरोबर एका आवाजात बोलताना अडखळत नाहीत. हे जगभर दिसतं. बाहेरून ताल मिळाला की बोलण्याच्या वेळेचा हिशेब मेंदूला स्वतः करावा लागत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात.

बोलांवरही काम झालंय. अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी तबल्याचे बोल आणि तबल्यातून निघणारा प्रत्यक्ष नाद यांची तुलना केली, २००३ मध्ये. तोंडानं म्हटलेल्या बोलात नादाच्या खुणा उतरलेल्या असतात, आणि ज्यांनी तबला कधी ऐकलेला नाही अशांनाही जोड्या लावता येतात, असं दिसलं. तुमच्या गुरुजींना हे सांगायला कुणी लागत नव्हतं, ते सोडा.

हो, उलटंही होतं. आणि त्याहून नवलाचं, बोलणं गेलं आणि संगीत राहिलं असंही. रशियात विसारिओन शेबालिन नावाचे संगीतकार होते. पक्षाघातानंतर, विशेषतः १९५९ च्या झटक्यानंतर, त्यांना बोलणं आणि समजणं दोन्ही जड झालं. तरी ते स्वररचना करत राहिले, १९६२ मध्ये पाचवी सिम्फनी पुरी केली. अलेक्झांडर लुरिया या रशियन मेंदूतज्ज्ञांनी त्यांच्यावर लिहिलंय. म्हणजे भाषा आणि संगीत मेंदूत पुष्कळ ठिकाणी शेजारी राहतात, काही सामान वाटून घेतात, पण घर एक नाही. जन्मतःच सूर न कळणारे लोक शंभरात एक-दोन असतात. तुमच्या गावात त्याहून जास्त असतील तर ते रियाज न करणारे समजा!

कुमारजींसारख्यांचं कोडं मला सोडवता येणार नाही. एवढं खरं की ऐकणं आणि तोंडानं करणं यांना जोडणारा तंतूंचा एक जाड जुडगा डाव्या मेंदूत असतो, उजव्यातही थोडा. ऐकून म्हणून बघायचं, चुकलं तर ऐकूनच सुधारायचं, हा फेरा त्यावर चालतो. लहान मूल भाषा अशीच शिकतं. चिमणीएवढे पक्षीही गाणं असंच शिकतात, आणि पिल्लू वयात कानच बंद केले तर त्यांचं गाणं कायमचं वेडंवाकडं होतं.

---

निपाणीची_आई

विषयाला फाटा फोडते, माफ करा, पण लहान मुलाचं निघालंच आहे तर. माझा मुलगा दोन वर्षांचा. घरात मराठी, सासूबाई माहेरच्या कन्नड आणि त्याच्याशी कन्नडच बोलतात, त्यात बालवाडीवाले म्हणतात आतापासून इंग्रजी बोला. अजून तो दोन शब्द जोडत नाही. सगळे मला सांगतात तीन भाषांनी पोर मुकं होईल. सासूबाईंनी तर बोलणंच सोडलं त्याच्याशी. कुणाचं ऐकू?

---

नंदगडची

सासूबाईंना आजच बोलायला लावा. त्या गप्प राहिल्या तर मुलाच्या कानावर पडणारं बोलणं कमी होईल, दुसरं काही नाही.

भाषा तीन असल्या म्हणून मूल मुकं होत नाही. जन्मून चार-दोन दिवस झालेल्या बाळांच्या रडण्यातसुद्धा आईच्या भाषेचा हेल असतो. २००९ मध्ये फ्रेंच आणि जर्मन बाळांची तुलना झाली, फ्रेंच बाळं रडताना सूर चढवत नेत, जर्मन बाळं उतरवत. पोटातच ऐकून शिकलेली. १९८४ मध्ये कॅनडात इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला "ट" आणि "त" वेगळा ओळखता आला, वर्षाच्या आसपास तो फरक त्यांना कळेनासा झाला, कारण घरात तो कधी ऐकलाच नाही. तुमच्या बाळाला मराठी आणि कन्नड दोन्हींतून ट-त, ण-ळ ऐकायला मिळतंय. फुकट मिळतंय ते घालवू नका.

मात्र दोन वर्षांचा होऊन दोन शब्द जोडत नाही, हे "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून सोडून द्यायचं नाही. शब्द मोजताना मराठी, कन्नड, इंग्रजी सगळे मिळून मोजा. पाण्याला "नीरु" म्हणतो तो एक शब्द झालाच. पन्नासच्या आसपास नसतील तर आधी कानाची तपासणी, मग वाचेची. मोबाइल दाखवून जेवण भरवणं चालू असेल तर ते बंद. इंग्रजीचं बालवाडीवाल्यांना म्हणावं, बाई, तुम्ही शाळेत बोला, घरी आम्ही आमचं बघतो.

---

मलप्रभाकाठ

ताई, काका, सगळ्यांचे आभार. काकांना (आमच्या) वाचून दाखवलं. आकड्यांचं ऐकून म्हणाले, "बरं, मोजू दे कन्नडमध्ये, पैसे मराठीत मागितले म्हणजे झालं."

"चा टाक" घेतलंय. आई आणि मी आळीपाळीनं बसतो. माझ्याबरोबर म्हणताना दोन्ही शब्द येतात, मी अर्ध्यावर थांबले की "टाक"च्या जागी "असू दे" येतं. आणि कधी कधी ओठ बरोबर हलतात, जीभ वर लावतात, चाचपडतात आणि मग काहीच येत नाही. स्वतःवरच चिडतात. टेबलावर हात आपटतात. इथं थांबावं की रेटावं?

---

नंदगडची

रेटू नका. "असू दे" आलं की "नाही, चुकलं" म्हणायचं नाही. डाव्या हाताची थाप न थांबवता तुम्ही परत सुरुवात करा, ती थापच त्यांना त्यातून बाहेर काढेल. निम्म्या लयीत, येळ्ळूरच्या काकांनी सांगितलं तसं. "चा" नंतर एक थाप रिकामी जाऊ द्या, त्यांना "टाक" गाठायला वेळ मिळतो.

ओठ-जीभ चाचपडतात ते वेगळं. तोंडाचे स्नायू लुळे नाहीत, पण हालचालींचा क्रम मेंदूला लावता येत नाही. वाचाघाताबरोबर हे पुष्कळदा असतं. त्यासाठी तुमचं तोंड त्यांना दिसलं पाहिजे. समोर बसण्याऐवजी आरशापुढं दोघं शेजारी बसा, म्हणजे तुमचे ओठ आणि त्यांचे ओठ एकाच वेळी दिसतील. "टा" जड जात असेल तर आधी "पंखा" घ्या, ओठ मिटून होणारा आवाज डोळ्यांना दिसतो, "ट" तोंडात आत लपतो. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, हात आपटायच्या आत थांबायचं. आणि तपासणीला न्याल तेव्हा हे चाचपडणं मोबाइलवर टिपून न्या, दवाखान्यात गेल्यावर नेमकं ते होत नाही.